समुद्राकडे पाठ

अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचा 'द अँक्शस जनरेशन' हा 2024 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ बराच गाजला. खेळाचे बालपण लोपून फोनचे बालपण आले आणि 2010 ते 2015 या अल्पावधीत एका पिढीच्या मनाची घडणच पालटली, हे त्याचे प्रतिपादन. समाजमाध्यमांनी हिरावलेल्या झोपेविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते प्रत्येक पालकाने वाचावे. ग्रंथाची भाषा आर्जवी, मांडणी आकडेवारीने भरलेली. क्वचित आकड्यांवर त्यांनी पेलवेल त्याहून अधिक भार टाकलेला.

परंतु या ग्रंथातील देह घरात बसलेला आहे. अपघाती इजांमुळे रुग्णालयात येणाऱ्या अमेरिकन मुलग्यांचे प्रमाण घटले, याचा अर्थ मुलगे धाडस करीनासे झाले, असे लेखक सुचवतात. तेथे तसे असेलही. आपल्या किनाऱ्यावर मात्र हाच फोन तरुणांना घराबाहेर काढतो आणि थेट खडकाच्या टोकाशी नेऊन उभा करतो.

2016 च्या जानेवारीत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडली. तिला वाचवण्यासाठी पाण्यात उतरलेला माणूसही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील धोक्याच्या जागा निश्चित केल्या. 2018 साली दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी वृत्तपत्रीय बातम्यांच्या आधारे एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात सेल्फी काढताना जगभर 137 घटनांत 259 मृत्यू झाल्याचे त्यांना आढळले, सर्वाधिक भारतात. कारणांत बुडणे पहिले. प्रत्यक्ष संख्या याहून मोठीच असणार, कारण मृत्यूच्या अधिकृत कारणांत सेल्फीची नोंद होत नाही.

खडकावर शेवाळ असते, भरतीचे पाणी चढत असते. हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. ते लाटेकडे तोंड करून उभे राहते. सेल्फी काढणाऱ्याला मात्र ज्याच्यासाठी आलो त्या समुद्राकडेच पाठ फिरवावी लागते. लाट मागून येते, आणि डोळे हातातल्या आपल्याच चेहऱ्यावर खिळलेले असतात. चित्र एकट्यासाठी असते तर कदाचित दोन पावले अलीकडूनही चालले असते. ते इतरांना दाखवायचे असते, म्हणून आदल्याच्या पुढे एक पाऊल टाकावे लागते.

हाइट स्वतःला नास्तिक म्हणवतात, तरीही त्यांनी आध्यात्मिक जीवनावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. (आपल्या वाचकांना तेच अधिक भावेल.) देहाचा सहभाग आणि निसर्गासमोरचे विस्मयभान यांना त्यांनी तेथे मानाचे स्थान दिले आहे. या दोहोंच्या अभावाने माणूस खालावतो हे त्यांना दिसते. पण बँडस्टँडवर देहही असतो, निसर्गही असतो, आणि तरी विस्मय उरत नाही. ही अवस्था त्यांच्या विवेचनात नीट बसत नाही.

त्यामुळे उपायही अपुरा वाटतो. सोळा वर्षांपर्यंत समाजमाध्यमे नकोत, ही त्यांची शिफारस रास्त आहे आणि तिला आमचा पाठिंबाच आहे. परंतु 'एम्स'च्या अभ्यासातील मृतांचे सरासरी वय सुमारे 23 वर्षे होते.