शीव : वारसायादी आणि वास्तूचा अर्थ

वास्तूचे मूल्य तिच्या वयावरून ठरवावे, शिल्पसौंदर्यावरून ठरवावे, की भोवतालाशी असलेल्या तिच्या संबंधावरून ठरवावे, हा वाद जुना आहे. शीवच्या वास्तूंचा विचार करू लागताच तो अपरिहार्य होतो. शीव म्हणजे सीमा. आणि सीमा ही स्वतंत्र वस्तू नसून दोन प्रदेशांमधील नाते होय. मुंबईत १९९५ साली लागू झालेल्या वारसा-नियमावलीने वास्तूंच्या तीन श्रेणी ठरविल्या. शहराच्या इतिहासाला कायद्याचे संरक्षण मिळवून देण्याचे श्रेय तिला निःसंशय दिले पाहिजे. परिसरालाही वारसा मानण्याची सोय तीत आहे. तथापि व्यवहारात तिचा भर एकेकट्या वास्तूवर राहिला, आणि शीवपुरती तिची मर्यादा येथेच उघड होते.

प्रथम किल्ल्याचे उदाहरण घ्यावे. जेराल्ड ऑंजियर गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर तो बांधला. टेकडीच्या अलीकडे इंग्रजांचे परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, आणि मध्ये खाडी, अशी ही रचना होती. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीत प्रवेश केला. त्याच वर्षाचा, गव्हर्नर जॉन हॉर्न याचे नाव असलेला शिलालेख धारावीच्या काळ्या किल्ल्यावर आहे. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती आली आणि शीवच्या पहाऱ्याचे प्रयोजनच संपले. पुढे जोनाथन डंकनच्या कारकीर्दीत, १७९८ ते १८०५ दरम्यान, खाडीवर बांध घालून मुंबई व साष्टी रस्त्याने जोडण्यात आली. तात्पर्य, किल्ला, खाडी आणि बांध ही एकाच इतिहासाची तीन अंगे होत. त्यांपैकी किल्ल्याची गणना पहिल्या श्रेणीत होते. परंतु ज्या पाण्यावर पहारा ठेवण्यासाठी तो उभारला गेला, त्या पाण्याचा बोध टेकडी चढणाऱ्याला क्वचितच होतो. दगड राखले गेले, त्यांचा संदर्भ मात्र सुटला.

घरांच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर ठरते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर–माटुंगा आणि शीव–माटुंगा या योजना आखल्या. आखीव रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा आणि भाडेपट्ट्याच्या अटींनी नियंत्रित बांधकाम ही त्यांची वैशिष्ट्ये. १९३० नंतरच्या दोन दशकांत येथे सिमेंट-काँक्रीटच्या, गोलाकार सज्जांच्या, दोनतीन मजली इमारती उभ्या राहिल्या. निखिल राव यांनी 'हाऊस, बट नो गार्डन' (२०१३) या ग्रंथात दाखविले आहे की, पाश्चात्त्य उपनगराप्रमाणे बंगला व बाग येथे अवतरली नाहीत. उपनगर घडले ते सदनिकांचे. संडास घराच्या आत आला, आणि त्याबरोबर शुचितेच्या रूढ कल्पनांनाही मुरड घालावी लागली. अशी एखादी इमारत सुटी पाहिली तर सामान्य वाटते. तिचे मूल्य शेजारच्या इमारतीशी जुळलेल्या उंचीत, रस्त्यापासून राखलेल्या अंतरात आणि त्या घरांतून घडलेल्या मध्यमवर्गीय राहणीत आहे. 'उत्कृष्ट नमुना' शोधणाऱ्या दृष्टीला ते दिसत नाही.

याउलट असा आक्षेप घेता येईल की, या घरांत माणसे राहतात, आणि गळक्या छताखाली राहून इतिहास जपण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस आधार दिला. परंतु गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्याचे कारण मालकास उरले नाही. त्यावर उपाय म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला व उपकरप्राप्त इमारतींची व्यवस्था सुरू झाली. तिचे क्षेत्र मुंबई बेटापुरते, म्हणजे माहीम व शीव येथपर्यंतच. महानगरपालिकेची हद्द १९५० सालीच शीवच्या पुढे गेली होती. तरी घराच्या कायद्यात शीव पुन्हा सीमाच राहिली. आज पुनर्विकासाने रहिवाशाला सुरक्षित घर मिळते, हे मान्य केले पाहिजे. मात्र एकेका भूखंडाचा स्वतंत्र हिशेब झाल्याने उंची व अंतर यांचा सामायिक नियम मोडतो, आणि काय मोडले याची नोंदही मागे राहत नाही.

दोष जुने पाडण्यात नाही, न वाचता पाडण्यात आहे. संपूर्ण रस्ता हे अभ्यासाचे एकक मानून मंजूर नकाशे, भाडेपट्टे, भाडेपावत्या व रहिवाशांच्या साक्षी इमारती उभ्या असतानाच संकलित करणे, हे काम यादीच्या आवाक्याबाहेरचे आहे. विद्यापीठीय संशोधनाच्या मात्र ते आवाक्यातले आहे. किल्ल्याखालची खाडी किमान जुन्या नकाशांत तरी सापडते. ह्या घरांतील जीवनाचा असा नकाशा अद्याप कोणी काढलेला नाही, आणि तो काढण्यास उपलब्ध असलेला काळ दर पावसाळ्यागणिक कमी होत आहे.