पिशवी कुणाची उघडतात?

मुसफ्फाला कधी गेलायत? अबुधाबीच्या चकचकाटापासून फार लांब नाही. गॅरेजं, गोदामं आणि कामगारांचे कॅम्प. लातूरकडचे एक ओळखीचे वेल्डरदादा तिथे राहतात. त्यांना भेटायला गेले, तेव्हा गेटवरच्या वॉचमननं मला 'मॅडम' म्हणत आत सोडलं आणि दादांची पिशवी उघडली. आत कांदे, कोथिंबीर आणि खुबूसचं पाकीट. माझ्या पाठीवरची सॅक त्या पिशवीच्या दुप्पट होती, तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मी चिडले. दादा हसले. "ताई, इथं आमच्या सगळ्यांच्याच पिशव्या उघडतात. गावाकडं फक्त आमचीच घरं उघडायचे." दादा पारधी आहेत.

झडतीच्या आकडेवारीवर पीएचडी करून मी जे शिकले, ते या दोन वाक्यांत आलं. झडती झाली का, एवढंच विचारून भागत नाही. कुणाच्या तुलनेत झाली, हे विचारावं लागतं. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंत पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात अडवलं. त्यातले ५२ टक्के काळे, शहराच्या लोकसंख्येत मात्र ते २३ टक्क्यांच्या आसपास. अडवलेल्या गोऱ्यांपैकी १.४ टक्क्यांकडे शस्त्र सापडलं, काळ्यांपैकी १ टक्क्याकडे. म्हणजे काळ्या माणसाला अडवायला कमी संशय पुरत होता. २०१३ मध्ये कोर्टानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. का जमलं? कारण प्रत्येक वेळी पोलीस एक फॉर्म भरत होते आणि त्यात वंशाचा रकाना होता.

आपल्याकडे असा रकाना नाही. कुणाला अडवलं, कुणाचं घर उचकटलं, याची जातवार आकडेवारी भारतातले पोलीस प्रसिद्ध करत नाहीत. म्हणून त्या रात्री मी लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' पुन्हा वाचायला घेतलं. १९८७ चं हे आत्मकथन, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. आपण ते कसं वाचतो? हळहळतो, 'किती भोगलं बिचाऱ्यांनी' म्हणतो आणि मिटतो. माझी तक्रार या वाचनाबद्दल आहे. हे पुस्तक साक्ष म्हणून वाचायला हवं. पोलीस कधी येतात, कुणाला मारतात, काय उचकटतात, हे सगळं त्यात आहे. आणि हा काळ इंग्रजांचा नाही. 'गुन्हेगार जमातीं'चा १८७१ पासूनचा कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला होता. तरी पोलीस येतच राहिले.

तुम्ही म्हणाल, पण पुस्तकातली माणसं चोऱ्या करतात की! करतात, आणि लेखक ते लपवत नाही. पण क्रम बघा. जन्मावरून शिक्का बसतो, शिक्क्यामुळे कुणी काम देत नाही, काम नाही म्हणून चोरी होते आणि मग चोरी दाखवून शिक्का खरा ठरवला जातो. शिवाय ज्यानं चोरी केली त्याला पकडणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीला झोडपणं वेगळं. न्यूयॉर्कमध्येही 'तिथे गुन्हे जास्त होतात' हाच बचाव होता.

हा इतिहास झाला असंही समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना, सुप्रीम कोर्टाला पोलिसांना बजावावं लागलं: विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका.

एअरपोर्टवर 'रँडम चेक'साठी आपल्यालाच बाजूला घेतलं की आपण चिडतो. चिडायलाच हवं. पण या रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा आजोबांना एक विचारा: गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी कुठल्या वस्तीवर जायची? त्यांना बहुतेक आठवावं लागणार नाही.