एका विशेषणाची मीमांसा

काव्यांतील एखाद्या विशेषणाचें औचित्य ठरविण्यांत आम्ही वाङ्मयाचे शिक्षक तासचे तास घालवितों, आणि कवीनें त्या जागीं दुसरें विशेषण योजिलें असतें तर काय बिघडलें असतें, यावर विद्यार्थ्यांस निबंध लिहावयास लावतों. त्या खटाटोपानें कोणाचें फारसें बरेंवाईट होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु अमेरिकेच्या कायद्यांत असें एक विशेषण आहे कीं, त्याच्या अर्थावर लक्षावधि अपंग मुलांची शाळा अवलंबून आहे. त्या अर्थाचा निर्णय करणारीं तेथील सर्वोच्च न्यायालयाचीं दोन निकालपत्रें आम्हीं नुकतींच लक्षपूर्वक वाचलीं. आम्ही कायदेपंडित नव्हे. पण निकालपत्र हाहि एक गद्यप्रबंधच होय. त्यांत शब्दांची निवड असते, युक्तिवादाचा क्रम असतो, आणि अडचणीचें विधान हळूच तळटिपेंत लोटून देण्याची कलाहि असते. तेव्हां गद्य म्हणून त्याची परीक्षा करण्यास आमची ना नसावी. शिवाय आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे व लेकी त्या देशांत संसार थाटून आहेत. त्यांच्या घरचें एखादें मूल बहिरें किंवा स्वमग्न असेल, तर तेथील सरकारी शाळेंत त्याच्यावर अंमल याच विशेषणाचा.

तें विशेषण म्हणजे ‘योग्य’. १९७५ सालच्या नोव्हेंबरांत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीनें एक कायदा झाला. प्रत्येक अपंग मुलास सरकारी खर्चानें ‘योग्य’ शिक्षण मिळालें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. त्यावेळीं काँग्रेसनेंच नमूद केलें होतें कीं, देशांत ऐशीं लाखांहून अधिक अपंग मुलें असून त्यांपैकीं निम्म्याहून जास्त मुलांस योग्य शिक्षण मिळत नाहीं, आणि दहा लाख मुलांस तर सरकारी शाळांनीं आपल्या व्यवस्थेबाहेरच ठेविलें आहे. कायद्यापूर्वीं १९७२ सालीं राजधानी वॉशिंग्टन येथील एका न्यायाधीशानें मोठें मार्मिक मत दिलें होतें: पैसा अपुरा असेल, तर त्या अपुरेपणाची झळ सर्व मुलांस सारखी लागावी, ती अपंगांच्याच वांट्यास अधिक येऊं नये. शाळेच्या चालकांनीं पुढें केलेली ‘खजिन्यांत पैसा नाहीं’ ही सबब तेथें चालली नाहीं. इतकी सरळ भाषा पुढच्या अर्धशतकांत आम्हांस क्वचितच आढळली.

कायद्यानें ‘योग्य शिक्षणा’ची व्याख्या केली खरी, पण त्या व्याख्येंत ‘योग्य’ हा शब्द पुन्हां येऊन बसला आहे. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें असें केलें असतें, तर आम्हीं त्याचे गुण कापले असते! मात्र त्याच कायद्यानें एक अमोल गोष्ट केली. प्रत्येक मुलासाठीं शाळेनें आईबापांसह बसून स्वतंत्र लेखी योजना तयार करावी, आणि ती पटली नाहीं तर आईबापांस दाद मागतां यावी, असें त्यानें सांगितलें. म्हणजे शब्दाचा अर्थ कोशांत ठरावयाचा नव्हता. तो एकेका मुलापुरता, टेबलाभोंवतीं बसून ठरावयाचा होता.

पहिला तंटा उभा राहिला तो एमी रौली या मुलीचा. न्यूयॉर्क राज्यांतील पीकस्किल गांवच्या शाळेंत ती पहिलीच्या वर्गांत होती. ती जवळजवळ बहिरी, आईबापहि बहिरे. मुलगी मोठी हुशार, ओठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखण्यांत तरबेज. शाळेनें तिला श्रवणयंत्र दिलें, बहिऱ्यांच्या शिक्षकाकडून रोज एक तास शिकवणी दिली, आठवड्यांतून तीन तास उच्चारशिक्षण दिलें. आईबापांची मागणी एवढीच होती कीं, वर्गांत खुणांच्या भाषेचा एक दुभाषी तिच्याजवळ असावा. शाळा म्हणाली, गरज नाहीं. मुलगी वर्गाच्या सरासरीहून वरच आहे. जिल्हा न्यायालयानें मात्र विचारलें तें असें: ही मुलगी बहिरी नसती, तर कोठवर गेली असती? आणि त्या दोहोंतील अंतर पाहून निकाल आईबापांच्या बाजूनें दिला.

सर्वोच्च न्यायालयापुढें तिची बाजू मांडणारे वकील मायकेल चॅटॉफ हे स्वतः बहिरे होते. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांच्यासमोरील पडद्यावर अक्षरांत उमटत, ते वाचून ते उत्तरें देत. न्यायालयानें आपल्या दालनांत जी सोय मान्य केली, तिच्याच जातीची सोय वर्गांतील मुलीस हवी होती. २८ जून १९८२ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं ती नाकारण्यांत आली.

न्यायमूर्ति रेन्क्विस्ट यांचें हें निकालपत्र गद्य म्हणून कसलेलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. कायद्यानें अपंग मुलांस दार उघडून दिलें आहे, आंत गेल्यावर प्रत्येकाच्या शक्तीचा पूर्ण विकास करून देण्याचें अभिवचन दिलेलें नाहीं, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन. मुलास ‘कांहीं’ लाभ व्हावा, म्हणजे पुरे. आणि साधारण वर्गांत बसणाऱ्या मुलाबाबत हा लाभ मोजावयाचा कशानें? तर उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळतात, आणि मूल वरच्या इयत्तेंत जातें, यानें. केवळ वरच्या इयत्तेंत जाणारें प्रत्येक मूल योग्य शिक्षण घेतच आहे असें आमचें म्हणणें नाहीं, ही सावध पुस्ती त्यांनीं जोडिली आहे, पण कोठें? तळटिपेंत. शाळांच्या वकिलांनीं मजकूर उचलला, तळटीप वाचण्याचे श्रम फारसे कोणी घेतले नाहींत.

न्यायमूर्ति व्हाइट यांचें भिन्नमत आमच्या मतें अधिक चांगलें वाङ्मय आहे, कारण त्यांत वर्ग दिसतो. दुभाष्यावांचून एमीस वर्गांतील बोलण्यापैकीं निम्म्याहूनहि कमी समजतें, हें ते स्पष्ट सांगतात. आणि ‘कांहीं लाभ’ हीच कसोटी असेल तर बहिऱ्या मुलीस मोठ्या आवाजाचा शिक्षक दिला तरी कायद्याची पूर्ति झाली असें म्हणावें लागेल, असा टोला देतात. या टोल्यास बहुमताच्या प्रबंधांत आम्हांस उत्तर सांपडलें नाहीं. बहुमतानें मुलीचे गुण पाहिले. तिनें काय ऐकलें नाहीं, तें पाहिलें नाहीं. हुशार मूल निम्मा पाठ ऐकून उरलेला अदमासानें भरून काढतें, घरीं आईबापांकडून दुप्पट घोकून घेतें, आणि परीक्षेंत साधारण मुलाच्या बरोबरीस येतें. त्या बरोबरीचें श्रेय कोणाचें? शाळेनें तें आपल्या खात्यांत जमा करून घेतलें, आणि न्यायालयानें त्या हिशेबावर सही केली. पुढें हें कुटुंब न्यू जर्सींत राहावयास गेलें व तेथें तिला दुभाषी मिळाला; आज एमी रौली या विद्यापीठांत खुणांची भाषा शिकविणाऱ्या अध्यापिका म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यावरून शाळेचेंच खरें होतें असें कोणी म्हणेल, तर दुष्काळांत तगलेल्या झाडाकडे बोट दाखवून पावसाची गरज नव्हती म्हणण्यासारखेंच तें होईल.

इयत्तांच्या या मापाविषयीं आपल्याकडील वाचकांस निराळें सांगावयास नको. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि मागें ठेवावयाचें नाहीं असें ठरविलें होतें. २०१९ सालीं दुरुस्ती होऊन पांचवी व आठवी या दोन इयत्तांपुरती मोकळीक आली. अशा व्यवस्थेंत वरच्या वर्गांत जाण्यानें शिक्षणाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं, हें खेड्यांतला पालकहि जाणतो.

१९९० सालीं अमेरिकनांनीं आपल्या कायद्याचें नांव बदललें. अपंगत्वाचा जुना शब्द हिणकस वाटूं लागला, म्हणून नवा घातला. नांवें बदलण्याचा उत्साह आपल्याकडेहि कांहीं कमी नाहीं. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलें तें आपण पाहिलेंच. आदरानें बोलावें, हें खरेंच. पण त्या कायद्याचा मथळा बदलला तरी पोटांतलें ‘योग्य’ जसेंच्या तसें राहिलें, आणि खालच्या न्यायालयांनीं त्याचा अर्थ निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळा लावला. कोलोरॅडो ज्या विभागांत येतें, तेथील न्यायालय तर ‘नगण्याहून केवळ किंचित् अधिक’ इतका लाभ पुरेसा मानूं लागलें. त्यांतील ‘केवळ’ हा शब्द नील गोर्सच या न्यायाधीशांच्या २००८ सालच्या निकालांतून रूढ झाला.

त्याच कोलोरॅडोंत एंड्रू नांवाचा स्वमग्न मुलगा शिकत होता. वर्षामागून वर्ष त्याची शिक्षणयोजना नव्यानें होई, आणि तींत गेल्या वर्षींचींच उद्दिष्टें बव्हंशीं उतरलेलीं असत. चौथीनंतर आईबापांनीं त्यास काढून स्वमग्न मुलांच्या खासगी शाळेंत घातलें, तेथें त्याची लक्षणीय प्रगति झाली, आणि फीचा परतावा मागण्यासाठीं त्यांनीं दावा लावला. खालीं सर्वत्र ते हरले. २२ मार्च २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ‘नगण्याहून किंचित् अधिक’ ही कसोटी फेटाळून लावली. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं गोर्सच हे सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीसाठीं सिनेटच्या समितीपुढें प्रश्नांचीं उत्तरें देत बसले होते.

मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांचें निकालपत्र आटोपशीर आहे, आणि त्यांतला सूर रेन्क्विस्टांपेक्षां उघडच उदार आहे. मुलाकडून अपेक्षा ठेवावी ती उंच असावी; वर्गांत नुसतें बसवून शाळा सोडण्याचें वय होण्याची वाट पाहणें, याला शिक्षण म्हणतां येत नाहीं, असा त्याचा आशय. पण नवी कसोटी काय? मुलाची परिस्थिति लक्षांत घेतां त्याची ‘योग्य’ प्रगति होईल अशी योजना! बेचाळीस वर्षांनीं विशेषण फिरून जागेवर आलें. इतर मुलांच्या बरोबरीची संधि असा अर्थ करावा, ही आईबापांची मागणी न्यायालयानें येथेंहि मान्य केली नाहीं. तथापि या संदिग्धतेबद्दल आम्ही त्यांस फार दोष देत नाहीं. एका बहिऱ्या मुलीस व एका स्वमग्न मुलास एकच माप लावणारा शब्द सांपडणें शक्य नाहीं. शब्द सैलच असावयाचा.

मग दोष कोठें? सैल शब्दांत अर्थ भरण्याचें सामर्थ्य कोणाच्या हातीं दिलें, तेथें. टेबलाच्या एका बाजूस शाळेचे अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, वकील; दुसऱ्या बाजूस आईबाप. १९८५ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, शाळेची योजना अयोग्य ठरली तर खासगी शाळेची फी परत मिळूं शकेल. पण ती आधीं स्वतः भरावी, आणि हरल्यास बुडाली. २००५ सालीं सांगितलें कीं, योजना अयोग्य आहे हें सिद्ध करण्याचा भार दाद मागणाऱ्यावर. म्हणजे बहुधा आईबापांवर. (न्यू जर्सी व न्यूयॉर्क या राज्यांनीं पुढें स्वतःचे कायदे करून हा भार शाळेवर टाकला, हें त्यांस भूषणास्पद आहे.) २००६ सालीं आणखी सांगितलें कीं, आईबाप जिंकले तरी त्यांनीं आणलेल्या तज्ज्ञाचें शुल्क शाळेकडून मिळणार नाहीं. आणि खुद्द काँग्रेसनें तरी काय केलें? अपंग मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चापोटीं, दर विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या शेंकडा ४० पर्यंत रक्कम देण्याचें १९७५ सालीं बोलून दाखविलें. तें आजतागायत पुरें केलेलें नाहीं. एंड्रूच्या आईबापांस फी भरणें परवडलें, म्हणून त्याच्या नांवाचा निकाल ग्रंथांत आला. आणि २०१८ सालीं फीबद्दलचा कौलहि त्यांच्या बाजूनें झाला. ज्यांस परवडलें नाहीं, त्यांच्या शब्दार्थाचा निर्णय शाळेच्या कचेरींतच होऊन गेला.

मिशिगन राज्यांतील स्टर्जिस गांवच्या मिगेल पेरेझ या बहिऱ्या मुलाचा खटला आम्हांस या संदर्भांत फार महत्त्वाचा वाटतो. नऊ वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत तो तेथील शाळांत होता. त्याच्या फिर्यादींतील हकीकत अशी कीं, शाळेनें दिलेले साहाय्यक खुणांच्या भाषेंत शिकलेले नव्हते, आणि दिवसाचे तासचे तास ते त्याच्याजवळ नसतच. प्रगतिपुस्तकांवर मात्र उत्तम गुण येत, आणि तो दरवर्षीं वरच्या इयत्तेंत जाई. आईबापांनीं त्या गुणांवर विश्वास ठेविला. शाळा संपावयास कांहीं महिने उरले असतां त्यांस कळविण्यांत आलें कीं, मुलास पदविका मिळणार नाहीं. १९८२ सालच्या निकालपत्रांतील दोन्ही मापें, गुण आणि इयत्ता, येथें पुरेपूर भरलीं होतीं.

शाळेनें तडजोड केली व त्यास बहिऱ्यांच्या शाळेंत शिकविण्याचें मान्य केलें. नुकसानभरपाईचा निराळा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २१ मार्च २०२३ रोजीं तो चालविण्यास न्यायालयानें एकमतानें परवानगी दिली. निकालपत्र गोर्सच यांनींच लिहिलें आहे; तें थोडक्या पानांचें, स्वच्छ आणि वाचनीय आहे. दावा दाखल होऊं शकतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढें होता. त्या अकरा वर्षांत मिगेलला वर्गांत काय समजलें, याची चौकशी त्यांत नाहीं.