वर्दीच्या अलीकडे, वर्दीच्या पलीकडे

दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांनी घरातील मुलांना विचारावयाचा प्रश्न आपल्याकडे ठरून गेलेला आहे : "पुढे काय व्हायचं ठरवलंयस?" पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर या टापूत त्याला मिळणारे एक उत्तर हल्ली वारंवार कानी पडते. "पोलिसात जायचंय." मुलगे हे सांगतात, आणि त्यांच्याइतक्याच ठामपणे मुलीही सांगतात. पाहुणे कौतुकाने मान डोलावतात, आई चकलीची बशी पुढे सरकवते आणि विषय तेथेच संपतो. माझ्यासारख्या पुस्तकांत रमणाऱ्या माणसाला मात्र तेथून पुढे एक प्रश्न पडतो. ही मुले वाचतात काय? ज्या पेशाची त्यांना एवढी ओढ आहे, त्याविषयी आपल्या साहित्याने आणि चित्रपटांनी त्यांच्या हाती काय ठेवले आहे?

ही ओढ कशाची, हे समजावयास फार खोलात शिरावे लागत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र चालू झाले, शेजारी बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि भातशेती, बागायत व मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्टीला पगाराच्या तारखेची सवय लागली. पण आज बारावी झालेल्या मुलापुढे बहुधा ठेकेदाराच्या हाताखालची पाळी असते. आज आहे, उद्याची खात्री नाही. पोलीस शिपायाची नोकरी म्हणजे कायमचा पगार आणि चारचौघांत मान. त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, त्याचे स्वतःचे पोलीस दल उभे राहिले, आणि हे स्वप्न घराच्या उंबऱ्यापर्यंत आले. भरतीचे आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. उंची मुलग्यांची १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. धावावयाचे मुलग्यांनी १६०० मीटर, मुलींनी ८००. मग १०० मीटर, मग गोळाफेक. मैदानाचे गुण ५०, लेखी परीक्षेचे १००. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी ही मुले पाहिली की त्यांच्या चिकाटीपुढे आपली टीकेची लेखणी जरा खाली ठेवावी, असे वाटते खरे.

परंतु वाचनाची गोष्ट निराळी. या मुलांच्या घरी प्रश्नसंचांचे गठ्ठे असतात. त्यांना पुस्तके म्हणणे माझ्या जिवावर येते. त्या गठ्ठ्यांच्या वर, जणू देव्हाऱ्यात, एखादे यशोगाथेचे पुस्तक असते. मराठीत या जातीच्या पुस्तकांत विश्वास नांगरे पाटील यांच्या 'मन में है विश्वास' (२०१६) या आत्मकथनाला मोठा मान आहे, आणि तो अकारण नाही. सांगली जिल्ह्यातील कोकरूडसारख्या गावातून निघालेला मुलगा भारतीय पोलीस सेवेत पोचतो, ही हकिगत मुळातच वाचकाला ओढून नेणारी आहे. खेड्यातील शाळा आणि शहरात पोचल्यावर वाटणारे बुजरेपण यांविषयी लिहिताना लेखकाची भाषा जिवंत होते. माझी तक्रार आहे ती तिच्यातील वक्तृत्वाविषयी. प्रसंग रंगात येतो न येतो तोच लेखक व्यासपीठावर चढतो आणि त्यातून काय शिकावयाचे ते वाचकाला सांगतो. तरुण वाचकाला हे आवडते, कारण त्याला धीर हवा असतो. पण धीर देणारे पुस्तक आणि दृष्टी देणारे पुस्तक एकच असते असे नाही.

विधु विनोद चोप्रा यांचा 'ट्वेल्थ फेल' (२०२३) हा हिंदी चित्रपट याच कुळातला, आणि कलाकृती म्हणून बराच संयमी. अनुराग पाठक यांच्या हिंदी कादंबरीवर तो आधारलेला आहे, आणि ज्यांची ती कथा ते मनोजकुमार शर्मा महाराष्ट्राच्याच पोलीस सेवेत आले. चंबळच्या खोऱ्यातील एका शाळेत मास्तरांच्याच आशीर्वादाने परीक्षेत नक्कल चालते. एक पोलीस अधिकारी येऊन ती बंद पाडतो. मुले नापास होतात, आणि त्यांतल्या एकाला त्या अधिकाऱ्यासारखे व्हावेसे वाटते. किती सुंदर बीज आहे पहा! वर्दीची, मोटारीची, सलामीची भूल या मुलाला पडलेली नाही. एका माणसाने आपले काम नीट केले, एवढेच त्याने पाहिले आहे. पण पुढे चित्रपटाची वाट त्या अधिकाऱ्याच्या नोकरीकडे वळत नाही, ती परीक्षेकडे वळते. दिल्लीतील उपासमार, नापासाचे फेरे, प्रेम, मुलाखत, निकाल. डोळे पुसत आपण बाहेर येतो. ज्या कामासाठी हा सारा खटाटोप, ते काम पडद्यावर सुरू व्हावयाच्या बेतात असते तेव्हा चित्रपट संपतो.

ही एका चित्रपटाची उणीव मी मानीत नाही. ती या साऱ्या वाङ्मयप्रकाराची ठेवण आहे. लग्न लागले की परीकथा संपते, तशी वर्दी चढली की ही कथा संपते. शिवाय तिचा नायक बहुधा बडा अधिकारी असतो, आणि बोईसरच्या ज्या मुली पहाटे धावताना दिसतात त्यांतल्या बहुतेक शिपाई होण्यासाठी धावत असतात.

मग शिपायाविषयी आपण काय लिहिले? आपण त्याला हसलो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधील दादा कोंडक्यांच्या हवालदाराने महाराष्ट्राला लोळवले, आणि १९७५ च्या 'पांडू हवालदार'ने ते हसू घरोघर नेले. ते हसू निर्मळ होते, आणि सत्तेच्या तळच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची त्रेधा त्यात होती. मला त्याबद्दल यत्किंचितही राग नाही. पण हसून झाल्यावर त्या हवालदाराच्या घरात कोणी फारसे डोकावले नाही.

एका कथेवरून निघालेला चित्रपट तेवढा डोकावला, आणि इच्छा असो वा नसो, या विषयाच्या वाचकाला त्याच्यापाशी थांबावेच लागते. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही मराठी कथा. तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ साली 'अर्धसत्य' काढला. अनंत वेलणकर हा मुंबईतील फौजदार. ओम पुरींनी तो असा उभा केला आहे की त्याच्या जबड्याची हालचालसुद्धा आपल्याला सोडून जात नाही. एरवी या चित्रपटाविषयी बोलताना लोक भ्रष्ट व्यवस्थेविषयी बोलतात, रामा शेट्टीविषयी बोलतात. घरच्या वाचकांनी तो दुसऱ्या एका बाजूने पाहावा असे मला वाटते. ती बाजू बापाची.

वेलणकरचे वडील गावाकडे पोलिसातच नोकरी करून निवृत्त झालेले. शीघ्रकोपी माणूस. बायकोवर हात उगारणारा, आणि लहानगा अनंत ते मुकाट्याने बघत उभा. पदवी घेतल्यावर अनंताला पुढे शिकावयाचे आहे. बाप त्याला पोलिसात घालतो. म्हणजे 'पुढे काय होणार?' या प्रश्नाचे उत्तर या घरात मुलाला विचारलेच गेलेले नाही. अमरीश पुरींचा तो करडा चेहरा आणि ओम पुरींचे ते गिळलेले शब्द पाहताना ध्यानात येते की, चौकीतली दहशत चौकीत जन्मलेली नाही, ती माजघरातून आलेली आहे. आईला वाचवू न शकलेला मुलगा मोठा होऊन गुन्हेगाराला बडवू लागतो, आणि प्रत्येक तडाख्यात कोणाला तरी जुने उत्तर देत असतो. पुढे त्याच्या शौर्याचे श्रेय दुसऱ्याला जाते, तो दारू जवळ करतो, आणि एका किरकोळ चोराला कोठडीत इतका मारतो की तो मरतो. चोरी कशाची, तर रेडिओची. तेंडुलकर आणि निहलानी येथे आपल्याला पळवाट ठेवीत नाहीत. ज्याच्यावर आपण दीड तास जीव लावला, त्यानेच हे केले आहे. नोकरी वाचवण्यासाठी तो शेवटी त्याच रामा शेट्टीच्या दारात जातो, तेथे त्याचा गळा आवळतो आणि आपल्याच ठाण्यात येऊन कबुली देतो.

याच्या शेजारी 'सिंघम' (२०११) ठेवून पाहावा. मूळ तमिळ; हिंदीत त्याचा नायक मराठी बाजीराव झाला. रागाचा कढ तोच, गुंडाची सत्ता तीच. फरक असा की, येथे साऱ्या पोलिसांनी मिळून खलनायकाला न्यायालयाच्या वाटेला न लावता संपवले की चित्रपटगृहात शिट्ट्या वाजतात. वेलणकरच्या हातून माणूस मरतो तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'सारख्या चित्रपटांतून घातक संदेश जातो असे जाहीर व्याख्यानात सांगितले, ते मला अतिशयोक्तीचे वाटले नाही. करमणुकीला माझा विरोध नाही. परंतु भरतीची तयारी करणाऱ्या ज्या मुलाने 'सिंघम' सात वेळा पाहिला आहे आणि 'अर्धसत्य'चे नावही ऐकलेले नाही, त्याच्या हाती उद्या लाठी आणि कोठडीची किल्ली येणार असते.

आता पालघरच्याच मातीकडे येतो, कारण या मुलांना पोलीस म्हणून उभे राहावयाचे आहे ते बहुधा येथेच. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकावरून भरतीची मुले रोज जातात. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे त्या लढ्याचे पुस्तक. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारीखाली पिचलेल्या वारल्याला पोलीस कसा दिसत होता, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने ते वाचावे. बाईंच्या लेखणीला नटणे ठाऊक नाही. जमीनदाराच्या पाठीशी उभी असलेली खाकी त्या इतक्या साध्या शब्दांत दाखवतात की चीड वाचकाला यावी, लेखिकेला जणू सवड नाही. मतभेद असलेल्यांनीही त्यांची राजकीय बाजू सोडून देऊन एवढे पाहावे की, पाड्यावर खाकी दिसताच पोटात गोळा येणे याला या जिल्ह्यात इतिहास आहे. प्रश्नसंचात या पुस्तकाचे नाव असेलच तर 'लेखिका कोण?' एवढ्यापुरते.

आणि १६ एप्रिल २०२०? मुले पळवणाऱ्यांच्या अफवेने चेतलेल्या जमावाने गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांना ठार केले, तेव्हा पोलीस तेथे हजर होते. सणाच्या अंकात हे आठवणे जिवावर येते, पण टाळताही येत नाही. काळोखात शेकडो माणसे चालून येतात, आपण मोजके, आणि ज्याचा जीव वाचवावयाचा तो आपलाच हात धरून उभा. त्या क्षणी माणसाच्या आत काय होते? पळ का येतो, आणि कोणाला येत नाही? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे हाती केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून राहिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्यावर भाषणे झाली, पुतळे झाले. पण त्या क्षणापर्यंत पोचणारी त्यांची अनेक वर्षांची साधी नोकरी, रात्रपाळ्या, बंदोबस्त, घरचे जेवण निवून जाणे, हे सारे एखाद्या मोठ्या कादंबरीत यावयास हवे होते. गडचिंचले आणि गिरगाव या दोन रात्रींच्या मधली जागा साहित्याची आहे, आणि आपल्याकडे ती बहुतांशी मोकळी पडलेली आहे.

ती कोणी भरावी? मला वाटते, आतल्याच कोणी. शिपाई लिहीत नाही, हा आपला गैरसमज आहे. तो दिवसभर लिहीतच असतो. त्याच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व बुद्धिमत्ता यांच्या जोडीला मराठी व्याकरणही असते. समास, प्रयोग, वाक्प्रचार तो घोकून येतो. नोकरीत गेल्यावर मात्र त्याच्यापुढे निराळेच मराठी येते : फिर्याद, जबाब, पंचनामा. त्या मराठीची स्वतःची वळणे आहेत, आणि ती पिढ्यान्पिढ्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे गेली आहेत. समोर बसलेला माणूस रडत, अडखळत, मागचे पुढे करीत सांगतो. कागदावर ते सरळ, एकापुढे एक, तारखेवार उतरते. या उतरण्यात काय गळते आणि काय नव्याने शिरते, हे जाणणे म्हणजे अर्धी साहित्यसमीक्षाच.

पोलीस दलात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा बोईसरकडची एखादी मुलगी उद्या जिल्ह्यातील एखाद्या ठाण्यात टेबलामागे बसलेली असेल, आणि पाड्यावरून चालत आलेली एक म्हातारी तिच्यापुढे आपल्या वारली बोलीत काही सांगत असेल. मुलगी ते प्रमाण मराठीत लिहून घेईल. शेवटी ठरलेले वाक्य येईल : माझी फिर्याद माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिली असून ती मला वाचून दाखविली, ती बरोबर आहे. मग ती शाईची डबी पुढे सरकवील आणि म्हातारीचा अंगठा आपल्या हातात धरील.