फुलशेतीच्या लेखनातील ‘आर्द्रता’

दांड्यासह विकावयाच्या फुलांवरील मराठी लेखनात ‘आर्द्रता’ हा एकच शब्द हवेतील बाष्पासाठीही येतो आणि जमिनीतील पाण्यासाठीही. ‘आर्द्रता वाढल्यास रोग बळावतो’ या विधानात कोणती आर्द्रता अभिप्रेत आहे, हे वाचकानेच ठरवावयाचे! वस्तुतः पानांवरील पुष्कळसे रोग दमट हवेने बळावतात; कंदकूज साचलेल्या पाण्याने होते.

उमरग्यासारख्या मराठवाड्यातील गावची शेतकऱ्याची बोली याबाबत अधिक काटेकोर आहे. पाणी किती खोल मुरले हे ‘ओल’ सांगते, आणि तीही बोटांनी मोजून. ‘वाफसा’ ही अवस्था होय : जादा पाणी निचरून मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही असण्याची. (व्युत्पत्ती काहीही असो, शब्दात वाफ ऐकू येते खरी.) पाण्याने फुगणाऱ्या, मंद निचऱ्याच्या काळ्या रानात हा भेद निर्णायक ठरतो. तेथे ओल भरपूर असूनही वाफसा नसतो, आणि निशिगंधाचा कंद कुजतो. उलट, दांडा निघताना पाण्याचा ताण बसल्यास ग्लॅडिओलसचा दांडा आखूड राहतो व फुलेही कमी येतात. फुलांची प्रतवारी तर दांड्याच्या लांबीवरही होते. दोन्ही प्रसंगी ‘पुरेशी आर्द्रता राखावी’ ही सूचना निरुपयोगीच. हवामानशास्त्रात ‘सापेक्ष आर्द्रता’ खुशाल नांदो. मातीसंबंधी लिहिताना ‘जमीन वाफशावर ठेवावी’ एवढे म्हणणे पुरते.