बालकांचे प्रमाद व आपलें वाङ्मय

मूल खेळतां खेळतां पडलें व त्यास लागलें, तर काय करावें हें आपल्याकडील प्रत्येक आईस ठाऊक असतें. हळद, फडकें, फुंकर आणि थोडें रागावणें, एवढ्यांत तें प्रकरण मिटतें. परंतु मुलाच्या हातून दुसऱ्यास लागलें, आणि तेंहि भररस्त्यांत, एखाद्या अनोळखी माणसास, तर काय करावें ? या प्रश्नापाशीं शहाणीं माणसेंहि गोंधळतात. मुलानें मुद्दाम कांहीं केलेलें नसतें. आईबाप तर जागेवरहि नसतात. आणि तरी एक मनुष्य रक्तबंबाळ होऊन समोर उभा असतो. या प्रसंगाकडे आपल्या वाङ्मयानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें आहे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

विषय केवळ पुस्तकी वाटूं नये म्हणून एक घरगुती आठवण आधीं सांगतों. सुमारें साठ वर्षांपूर्वीं आम्ही धुळ्यास रहात होतों. धुळ्याच्या जुन्या वस्तींतील गल्ल्यांस नांवांऐवजीं क्रमांक आहेत, आणि त्या सरळ, लांब गल्ल्या विटीदांडूस फार सोयीच्या. एके दिवशीं मीं टोललेली विटी, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या एका बाईच्या भुवईवर लागली. मोळी खालीं पडली, बाई मटकन् बसली, आणि तिच्या डोळ्यावरून रक्त वाहूं लागलें. वडील धांवत आले. त्यांनीं तिला जवळच्या दवाखान्यांत नेलें, टांके घालविले, पैसे भरले, वर तिच्या हातावर दोन रुपये ठेवले. आणि घरीं येऊन मला यथेच्छ बदडलें. सर्वांच्या मतें न्याय पुरा झाला होता. रात्रीं पानावर बसल्यावर आईनें मात्र विचारलें, "याला मार बसला, तें ठीकच झालें. पण तिच्या घरीं आज चूल पेटली का, हें कोणी पाहिलें ?" वडिलांजवळ उत्तर नव्हतें. त्या बाईचें नांवगांव कोणीच विचारलें नव्हतें. पुढें तीन दिवस आई मला हाताशीं धरून, मोळ्या विकावयास येणाऱ्या बायांत तिला शोधीत हिंडली. ती सांपडली नाहीं. तिचा डोळा वांचला कीं नाहीं, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

आईचा तो प्रश्न मनांत ठेवून आपल्या जुन्या-नव्या कथांकडे पाहूं लागलें, म्हणजे त्या निराळ्याच दिसूं लागतात. सर्वांत प्रथम आठवते ती महाभारताच्या आदिपर्वांतील मांडव्य ऋषींची कथा. चोरांनीं आश्रमांत लपविलेल्या द्रव्यापायीं या मौनव्रती ऋषीस राजानें सुळावर चढविलें. हें कोणत्या पापाचें फळ, असें त्यांनीं पुढें यमधर्मास विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं, लहानपणीं तूं किड्यांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. एवढ्याशा बालपणींच्या कृत्यास एवढें शासन ! ऋषींनीं यमास शाप दिला; तोच विदुर होऊन जन्मास आला; आणि त्याच क्षणीं मांडव्यांनीं मर्यादा घालून दिली कीं, चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचें पाप मुलास लागणार नाहीं. बालकाच्या बाजूनें इतक्या निर्भयपणें बोलणारी दुसरी कथा जगाच्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. १८६० च्या दंडसंहितेनें सात वर्षांखालील मुलाचें कृत्य अपराध मानलें नाहीं, व सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहण्यास सांगितलें. २०२४ च्या जुलैपासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि हीच मर्यादा कायम ठेविली आहे. मांडव्यांची करुणा तिच्याहून अधिक उदार आहे. तथापि त्या कथेंत ज्यांच्या अंगांत काड्या खुपसल्या गेल्या, त्या जीवांविषयीं पुढें अवाक्षर नाहीं. मुलगा सुटला; किड्यांचें काय झालें, हें व्यासांनीं सांगितलें नाहीं.

धर्मशास्त्रानें हें अंतर कांहीं अंशीं भरून काढलें. मिताक्षरेंत एक स्मृतिवचन घेतलेलें आहे. त्याचा आशय असा कीं, पांच वर्षांच्या आंतील मुलास अपराधहि नाहीं व पातकहि नाहीं. परंतु पांचांच्या पुढें व अकरांच्या आंत असलेल्या मुलाच्या हातून पातक घडल्यास त्याचें प्रायश्चित्त भावानें, बापानें किंवा दुसऱ्या एखाद्या सुहृदानें करावें. अपराध एकाचा व प्रायश्चित्त दुसऱ्याचें, ही कल्पना आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. आम्हांस ती फार खोल वाटते. मूल निर्दोष आहे, एवढ्यानें घडलेली गोष्ट घडली नाहीं असें होत नाहीं. तिचा भार कोणीतरी उचलावाच लागतो, आणि तो ज्याचे खांदे मोठे त्यानें उचलावा, असें शास्त्रकारांचें म्हणणें. उणीव एवढीच कीं, प्रायश्चित्तानें शुद्ध होतो तो करणारा. मोळीवालीच्या दारापर्यंत तें पोहोंचतेंच असें नाहीं.

लोककथेची रीत याहून निराळी. अहिल्याबाई होळकरांविषयीं एक आख्यायिका इंदूरकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. पुत्र मालेराव यांच्या रथाखालीं एक वासरूं चिरडलें गेलें, तेव्हां बाईंनीं पुत्रास त्याच प्रकारें रथाखालीं घालण्याची आज्ञा केली. सारथी धजेना, म्हणून त्या स्वतः रथावर चढल्या. आणि वासराची आईच रथाच्या आड येऊन उभी राहिली. इतिहास या कथेस आधार देत नाहीं. मालेराव १७६७ सालीं आजारानें वारले. तामिळ देशांतहि मनुनीति चोळ राजाविषयीं अशीच कथा आहे. तेथें गाय न्यायाची घंटा वाजविते. या कथांतील शासन भयंकर आहे, आणि कोणत्याहि आईबापानें त्याचें अनुकरण करूं नये हें उघड आहे. पण वाङ्मयदृष्ट्या एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जिचें नुकसान झालें ती गाय येथें केवळ निमित्त म्हणून रहात नाहीं. ती घंटा वाजविते, ती आड येते. न्याय मागण्याचा अधिकार तिचा, आणि क्षमा करण्याचाहि तिचाच. पंडितांनीं जें सोडून दिलें, तें लोकांच्या कल्पनेनें अचूक पकडलें आहे.

आतां आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाकडे वळूं. 'श्यामची आई' हें कोंकणचें पुस्तक म्हणून ओळखलें जातें. तथापि त्याच्या घडणींत खानदेशाचा वांटा थोडा नाहीं. साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, व तेथील छात्रालयांत लोकांच्या मुलांचें आईपण त्यांनीं केलें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनींच उतरून घेतलीं. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत हें पुस्तक लिहिलें गेलें, आणि १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. परक्यांच्या मुलांचा भार वाहिल्यावर आपल्या आईकडे वळून पाहणाऱ्या पालकाचें तें पुस्तक आहे.

त्यावर अतिरिक्त हळवेपणाचा आक्षेप पुष्कळदां घेतला गेला आहे. आमची तक्रार निराळी आहे. श्याम कळ्या खुडतो, पोहावयास भितो, मोठा होण्यासाठीं चोरी करतो. आणि प्रत्येक वेळीं आईच्या डोळ्यांपुढें प्रश्न उभा रहातो तो श्यामच्या मनाचा. पायांस जशी घाण लागूं नये तशी मनासहि लागूं नये, ही तिची सारी चिंता. ती उदात्त आहे यांत संशय नाहीं. पण या शिकवणीचें अनुकरण करणाऱ्या पुढच्या संस्कार-वाङ्मयांत या चिंतेचा एक अरुंद सांचा होऊन बसला. मुलानें चूक केली, आईच्या डोळ्यांत पाणी आलें, मुलास पश्चात्ताप झाला, गोष्ट संपली. ज्याची वस्तु गेली, ज्याचें डोकें फुटलें, तो मुलाच्या आत्मोन्नतीचें साधन होऊन पडद्याआड जातो. माझ्या वडिलांनीं मला मारलें, तेव्हां त्यांचेंहि लक्ष माझ्या वळणाकडेच होतें, बाईकडे नव्हतें.

मात्र गुरुजींस न्याय द्यावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या तक्रारीचें उत्तर त्यांच्याच पुस्तकांत आहे. मथुरीचें प्रकरण पहावें. आजारी पडलेल्या त्या कष्टकरी बाईची विचारपूस करावयास आई श्यामलाच धाडते. तेथें श्यामची कांहीं चूक नाहीं, पश्चात्तापाचा प्रसंग नाहीं. आहे ती केवळ आपल्या ओट्यापासून दुसऱ्याच्या खोपटापर्यंतची वाट, आणि त्या वाटेनें जाणारे मुलाचे पाय. हीच वाट चुकीच्या प्रसंगींहि चालतां येते, हें अनुकरण करणाऱ्यांनीं ओळखलें नाहीं. सानेगुरुजींचे अश्रु त्यांनीं घेतले, आणि वाट तेवढी सोडून दिली.

याचा परिणाम आजच्या व्यवहारांतहि दिसतो. १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यास कल्याणीनगर भागांत सतरा वर्षांच्या एका मुलानें चालविलेल्या मोटारीखालीं दोघां तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. मद्यप्राशनाचा आरोप असलेलें तें प्रकरण विटीदांडूच्या प्रमादाहून सर्वस्वी भिन्न आहे, व त्याचा निवाडा न्यायालयें करतील. आमच्या विषयापुरती त्यांतील एकच गोष्ट घेतों. बाल न्याय मंडळानें जामीन देतांना मुलास रस्त्यावरील अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहावयास सांगितलें, आणि देशभर संताप उसळला. लोक म्हणाले, शासन फार हलकें. आम्हांस वाटतें, त्या अटींत आमच्या संस्कार-वाङ्मयाचाच सांचा होता : मुलानें चिंतन करावें, मुलाचें मन सुधारावें. पुढें रक्ताचे नमुने बदलविल्याच्या आरोपावरून मुलाच्या आईबापांसहि अटक झाली. तो आरोप खरा ठरो वा खोटा. पण मुलाचें संकट निवारणें हेंच पालकाचें पहिलें कर्तव्य, ही समजूत आपल्या सर्वांच्या घरांत थोडीफार असतेच.

कायद्यानें येथें एक विवेक केला आहे, तो आईबापांनीं मनांत ठेवण्यासारखा आहे. केवळ बाप झाला म्हणून मुलाच्या प्रत्येक कृत्याचा दंड बापानें भरावा, असें आपला कायदा म्हणत नाहीं. परंतु मुलाच्या हातीं धोक्याची वस्तु कोणी दिली, हें तो विचारतो. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या हातून मोटारीचा अपराध घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. आपल्या नकळत घडलें, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हें पालकानें सिद्ध करावयाचें. संक्रांतीस जळगांव-धुळ्याच्या गच्च्यांवरून उडणाऱ्या पतंगांसहि हाच न्याय लागू करावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालींच बंदी घातली. तो मांजा मुलाच्या हातीं दिसतो, तेव्हां त्याचे पैसे कोणाच्या खिशांतून आले ?

उलट, दक्षता घेऊनहि दैवयोगानें कांहीं घडतें, तेव्हां आईबापांस अपराधी ठरविणें हाहि अन्यायच. जपानांत २००४ सालीं इमाबारी येथें अकरा वर्षांच्या मुलानें शाळेच्या मैदानांत गोलाच्या दिशेनें मारलेला चेंडू रस्त्यावर गेला; तो चुकवितांना मोटारसायकलवरील एक वृद्ध गृहस्थ पडले, आणि पुढें वारले. खालच्या न्यायालयांनीं आईबापांवर भरपाई बसविली. २०१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. मैदानांत चेंडू खेळणाऱ्या मुलाच्या आईबापांकडून याहून अधिक दक्षतेची अपेक्षा करतां येत नाहीं, असा त्या निकालाचा भाव. तो आम्हांस योग्य वाटतो. पण त्या निकालानें वृद्धाच्या घरचें दुःख रद्द झालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. कायद्याची जबाबदारी जेथें संपते, तेथून पुढें माणुसकीची सुरू होते. आणि वाङ्मयाचें क्षेत्र तेंच आहे.

तेव्हां आमच्या कथाकारांजवळ मागणें एवढेंच. मुलाच्या पश्चात्तापाच्या गोष्टी आतां पुष्कळ झाल्या. दुखावलेल्याच्या घरांतील एक तरी गोष्ट लिहावी. टांके पडल्यावर बाई घरीं कशी गेली, दुसऱ्या दिवशीं मोळी कोणीं आणली, आणि एक अनोळखी मुलगा आईचा पदर धरून दाराशीं उभा राहिला असतां तर तिला काय वाटलें असतें, हें कोणीतरी सांगावें. आईबापांनींहि मुलास मारण्यापूर्वीं किंवा पाठीशीं घालण्यापूर्वीं त्याचा हात धरून आधीं त्या दाराशीं जावें, नांव विचारावें, आणि पुन्हां एकदां जावें. आमच्या आईस तें दार सांपडलें नाहीं. पण तीन दिवस तें शोधणें हेंच मला मिळालेलें शिक्षण होतें. वडिलांचा मार मी केव्हांच विसरलों.