‘द रेड बॅज ऑफ करेज’ : युद्धाचे वास्तव आणि कारणाविषयीचे मौन

स्टीफन क्रेन यांची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही कादंबरी १८९५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अमेरिकन यादवी युद्ध (१८६१-१८६५) हा तिचा विषय. लेखकाचा जन्म मात्र १८७१ चा. न पाहिलेल्या युद्धाचे इतके प्रत्ययकारी चित्रण हा समीक्षेत नेहमीच कौतुकाचा विषय ठरला. तथापि या कादंबरीने काय वगळले, याचाही विचार होणे आवश्यक आहे.

पराक्रमाची स्वप्ने पाहत सैन्यात दाखल झालेला हेन्री फ्लेमिंग शत्रूच्या दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी पळ काढतो. पळणाऱ्या स्वपक्षीय सैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने केलेला प्रहार ही त्याची जखम; ती गोळीची असल्याचे तो सोबत्यांना सांगतो. शीर्षकातील शौर्यचिन्ह अशा रीतीने लटके ठरते. दुसऱ्या दिवशी तो निशाण घेऊन लढतो. परंतु जखमी सैनिकाला वाटेत एकटे सोडल्याची बोच त्याच्या मनात उरते. शौर्याच्या रूढ कल्पनेची ही चिकित्सा कादंबरीचे मोठे यश होय.

कादंबरीत रणभूमीचे नाव नाही. ती १८६३ मधील चॅन्सलर्सव्हिलची लढाई मानली जाते. ‘द व्हेटरन’ (१८९६) या कथेत वृद्ध हेन्री तसा उल्लेख करतो. लिंकन यांची दास्यमुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली होती. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी झालेल्या या लढाईचे चित्रण करताना गुलामगिरीचा प्रश्न मात्र कोठेही उपस्थित होत नाही. आरंभी एक कृष्णवर्णीय गाडीवान खोक्यावर नाचताना दिसतो. कूच होणार ही वार्ता पसरताच प्रेक्षक त्याला सोडून जातात, तो खिन्नपणे बसतो आणि कथेतून नाहीसा होतो.

निवेदन हेन्रीच्या जाणिवेपुरते मर्यादित आहे आणि धुराच्या लोटात सैनिकाला युद्धाचे कारण स्मरत नाही, असे समर्थन करता येईल. परंतु लढाईपूर्वीच्या रिकाम्या दिवसांत हेन्रीला आई आठवते, ग्रीक वीरांचे संग्राम आठवतात. कारण तेव्हाही आठवत नाही. हे मौन केवळ धुराचे नव्हे, ते काळाचेही आहे. क्रेन यांनी वाचलेल्या ‘सेंच्युरी’ मासिकातील युद्धस्मृतींत दोन्ही पक्षांचे सेनाधिकारी डावपेचांविषयी शेजारी शेजारी लिहीत होते. उत्तर-दक्षिण समेट शौर्याच्या समान गौरवावर उभा राहत होता आणि संघराज्याच्या सैन्यात लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक विस्मरणात जात होते. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या निकालाने वंशविभक्तीला न्यायालयीन मान्यताही मिळाली.

येथे महात्मा फुले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. युद्धानंतर आठच वर्षांनी पुण्यात जे कारण स्पष्ट दिसत होते, ते पुढे अमेरिकेतील या श्रेष्ठ युद्धकादंबरीत अनुच्चारित राहिले. क्रेन यांनी शौर्याची मूर्ती भंगली. परंतु त्या मूर्तीने झाकलेला प्रश्न झाकलेलाच ठेवला. कादंबरीचे अध्यापन करताना या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांसमोर एकत्र मांडल्या जाव्यात. त्यामुळे तिचे कलामूल्य उणावत नाही, तिचे वाचन अधिक प्रामाणिक होते.